'पॊलिस्': एका ग्रीक नामाची रूपे आणि अर्थ न चुकता कसे लावायचे

प्राचीन ग्रीक शिकायला घेतलेल्या मराठी वाचकांना 'पॊलिस्' हा शब्द आधीपासून ओळखीचा असतो. राज्यशास्त्र वाचलेल्यांना तो 'नगरराज्य' म्हणून ठाऊक असतो, नव्या कराराच्या ग्रीकपासून सुरुवात करणाऱ्यांना 'शहर' म्हणून. चुका या ओळखीमुळेच होतात. शब्द दिसला की आधी अर्थ बसवला जातो आणि मग विभक्ती त्या अर्थाच्या मागून ओढत आणली जाते. क्रम उलटा हवा. आधी उपपद (नामाआधी येणारा, इंग्रजी 'the'सारखा छोटा शब्द) बघायचे, मग रूप, मग वाक्यातले काम आणि सगळ्यात शेवटी अर्थ. खालचे टप्पे त्याच क्रमाने घ्या. एखादा गाळून पुढे गेलात तर चूक बहुधा तिथेच होईल.

१. तयारी: ऱ्हस्व-दीर्घ पक्के करा

ग्रीक लिपीत 'ए' आणि 'ओ' या स्वरांसाठी ऱ्हस्व आणि दीर्घ अशी वेगवेगळी अक्षरे आहेत. ऱ्हस्व ए म्हणजे एप्सिलॉन, दीर्घ ए म्हणजे एटा. ऱ्हस्व ओ म्हणजे ओमिक्रॉन, दीर्घ ओ म्हणजे ओमेगा. नेहमीच्या देवनागरीत हा भेद दिसत नाही, म्हणून या लेखात ऱ्हस्वासाठी ऎ, ऒ (मात्रा ॆ, ॊ) आणि दीर्घासाठी ए, ओ वापरले आहेत. वहीतही हीच पद्धत ठेवा. 'पोलिस' असे लिहायची सवय लागली की पुढची निम्मी रूपे एकमेकांत मिसळतात.

आणखी तीन गोष्टी लक्षात ठेवा. शब्दातला 'अ' संस्कृतासारखा पूर्ण उच्चारा, मराठीसारखा गिळू नका. अथेन्सच्या अभिजात काळातल्या उच्चारात फ, थ, ख हे आपल्या महाप्राण वर्णांसारखेच होते, त्यामुळे ते वेगळे शिकावे लागत नाहीत. आणि जिथे 'ऊ' लिहिला आहे तिथे ग्रीकात ऒ आणि उ अशी दोन अक्षरे असतात.

*सावधान:* ध्वनिफीत ऐकून शिकत असाल तर ती कोणत्या उच्चाराची आहे ते आधी बघा. आधुनिक ग्रीक उच्चारात पॊलिस् (एकवचन) आणि पॊलॆइस् (अनेकवचन) अगदी सारखे ऐकू येतात. अशा वेळी कानावर भरवसा ठेवू नका, छापील अक्षरे बघा.

२. नामाआधी उपपद पाठ करा

बरेच जण उपपद किरकोळ समजून पुढे जातात आणि नामाची रूपे घोकत बसतात. 'पॊलिस्'च्या बाबतीत हे महागात पडते, कारण त्याची दोन-तीन रूपे एकसारखी आहेत आणि त्यांचा निवाडा उपपदच करते. पॊलिस् स्त्रीलिंगी आहे, म्हणून स्त्रीलिंगी उपपदाची ही आठ रूपे आधी तोंडावर आणा.

एकवचन: प्रथमा हे, षष्ठी तेस्, चतुर्थी तेइ, द्वितीया तेन्.
अनेकवचन: प्रथमा हइ, षष्ठी तोन्, चतुर्थी तइस्, द्वितीया तास्.

'तेइ' मधला इ छापील पुस्तकात स्वराच्या खाली बारीक टिंबासारखा किंवा रेघेसारखा असतो. तो शाईचा डाग नाही. तो सुटला की चतुर्थी हातची जाते.

*तपासणी:* वही मिटून 'तेन्', 'तोन्' आणि 'तेस्' यांची विभक्ती आणि वचन लगेच सांगता येते का? अडखळायला होत असेल तर तिसऱ्या टप्प्याकडे वळू नका.

मराठीचा एक अडथळा इथेच दूर करा. आपल्याकडे 'शहर' आणि 'नगर' दोन्ही नपुंसकलिंगी. त्यामुळे विशेषण जोडताना मनात 'मोठे नगर' येते आणि ग्रीक विशेषणही नपुंसकलिंगी लावले जाते. शिकताना मनात 'नगरी' हा शब्द ठेवा. 'मोठी नगरी' म्हणजे 'हे मॆगले पॊलिस्', लिंग आपोआप जुळते. संस्कृत येणाऱ्यांना आणखी एक आधार आहे: 'पुर्' हे स्त्रीलिंगी नाम पॊलिस्च्याच कुळातले मानले जाते.

३. शब्दकोशातली नोंद पूर्ण वाचा

शब्दकोशात नोंद अशी असते: *पॊलिस्, -ऎओस्, हे.* यात तीन गोष्टी असतात: प्रथमेचे एकवचन, षष्ठीच्या एकवचनाचा शेवट आणि उपपदावरून लिंग. तिन्ही मिळून एक नोंद होते. पहिलीच वहीत उतरवून घेतली तर नाम अर्धेच शिकून होते.

षष्ठी का हवी? कारण '-इस्' ने संपणारी सगळी नामे एका साच्याची नसतात. 'ऎल्पिस्' (आशा) याची षष्ठी 'ऎल्पिदॊस्' आणि 'खरिस्' (कृपा) याची 'खरितॊस्' होते. प्रथमेत ही तिन्ही नामे सारखी वाटतात, षष्ठीत मात्र वेगळी होतात. षष्ठी '-ऎओस्' असेल तरच नाम पॊलिस्च्या साच्याचे समजा. फुसिस् (निसर्ग, स्वभाव), दुनमिस् (सामर्थ्य), क्रिसिस् (निवाडा), तक्सिस् (रचना) ही त्यातली. क्रियेचे नाव सांगणारी '-सिस्' अंती नामे ग्रीकात विपुल आहेत आणि ती याच साच्याने चालतात. म्हणून एका पॊलिस्वर दिलेला वेळ वाया जात नाही.

उलट दिशेनेही जपा. वाचताना '-ऎओस्' दिसले म्हणजे मूळ नाम '-इस्' अंतीच असेल असे नाही. 'बसिलॆओस्' हे 'बसिलॆउस्' (राजा) याच्या षष्ठीचे रूप आहे, तर 'अस्तॆओस्' हे 'अस्तु' (गाव, शहर) या नपुंसकलिंगी नामाचे.

४. रूपे लिहा, पण दोन अंगांची खूण करून

ग्रीक व्याकरणात विभक्तींचा क्रम आपल्यासारखा नसतो. बहुतेक पाठ्यपुस्तकांत प्रथमा, षष्ठी, चतुर्थी, द्वितीया आणि संबोधन असा तो असतो. तो तसाच ठेवा, नाहीतर प्रत्येक तक्ता पाहताना गोंधळ होईल.

एकवचन
प्रथमा: हे पॊलिस्
षष्ठी: तेस् पॊलॆओस्
चतुर्थी: तेइ पॊलॆइ
द्वितीया: तेन् पॊलिन्
संबोधन: (ओ) पॊलि

अनेकवचन
प्रथमा: हइ पॊलॆइस्
षष्ठी: तोन् पॊलॆओन्
चतुर्थी: तइस् पॊलॆसि किंवा पॊलॆसिन्
द्वितीया: तास् पॊलॆइस्
संबोधन: पॊलॆइस्

आता रंगीत पेन घ्या आणि अंग, म्हणजे प्रत्यय लागण्याआधीचा नामाचा भाग, खुणेने वेगळे काढा. 'पॊलि-' असलेल्या रूपांखाली एक रेघ मारा, 'पॊलॆ-' असलेल्यांखाली दोन. 'पॊलि-' फक्त तीन ठिकाणी सापडेल: एकवचनाच्या प्रथमा, द्वितीया आणि संबोधनात. बाकी सगळीकडे 'पॊलॆ-'. शाळेत 'मति' चालवलेल्यांना हा बदल नवा वाटणार नाही. मतिः, मतिम्, पण मतेः आणि मतयः. दोन्ही भाषांत अंगाच्या शेवटचा इ काही विभक्तींत 'ए'च्या बाजूला झुकतो, आणि द्वितीयेचा संस्कृत 'म्' ग्रीकात 'न्' होऊन येतो. या ताळमेळावर विसंबून प्रथमा, द्वितीया आणि षष्ठी पाठ करा. त्यापलीकडे तो ताणू नका, कारण पुढच्या विभक्तींचे हिशेब वेगळे आहेत.

द्विवचनही आहे: प्रथमा-द्वितीयेला 'तो पॊलॆइ', षष्ठी-चतुर्थीला 'तॊइन् पॊलॆऒइन्'. ते क्वचित येते, पण त्यातले पहिले रूप चतुर्थीच्या एकवचनासारखेच दिसते. इथेही वेगळेपण उपपदातच आहे.

*सावधान:* पॊलॆसिन् मधला 'न्' विभक्तीचा नाही. पुढचा शब्द स्वराने सुरू होत असेल किंवा वाक्य तिथे थांबत असेल तर तो जोडला जातो. त्याला द्वितीयेची खूण समजू नका.

नाटकांत हाक मारताना संबोधनाच्या जागी प्रथमेचेच 'ओ पॊलिस्' आलेले दिसेल. ती छपाईची चूक नाही.

५. आघात: 'पॊलॆओस्' नियम का मोडतो

ग्रीक आघाताचा एक ढोबळ नियम असा की शेवटचे अक्षर दीर्घ असेल तर आघात शेवटून तिसऱ्या अक्षरावर जाऊ शकत नाही. पॊ-लॆ-ओस् मध्ये शेवटचे अक्षर दीर्घ आहे, तरी आघात पहिल्याच अक्षरावर आहे. विद्यार्थी इथे दोन प्रकारे चुकतात. काही नियम लावून आघात मधल्या अक्षरावर ढकलतात, तर काही हे पाहून नियमच खोटा ठरवतात.

कारण होमरच्या भाषेत दिसते. तिथे षष्ठी आहे 'पॊलेऒस्': मधला ए दीर्घ, शेवटचा ऒ ऱ्हस्व. शेवट ऱ्हस्व असल्यामुळे आघात पहिल्या अक्षरावर बसायला काहीच हरकत नव्हती. पुढे अथेन्सच्या बोलीत दोन स्वरांनी लांबी बदलून घेतली: ए ऱ्हस्व झाला, ओ दीर्घ झाला, पॊलेऒस् चे पॊलॆओस् झाले. आघात मात्र जिथे होता तिथेच राहिला. अनेकवचनाच्या पॊलॆओन् ने त्याचेच अनुकरण केले. दोन्ही रूपे वहीत एकाखाली एक लिहून स्वरांच्या मात्रा बघा, अपवाद घोकावा लागणार नाही.

याचा उपयोग लगेच होतो. बसिलॆओस् मध्ये आघात 'लॆ'वर असतो, पॊलॆओस् मध्ये 'पॊ'वर. म्हणून अनोळखी '-ऎओस्' समोर आले की आघात बघा. तो या ऎ-वरच असेल तर शब्दकोशात '-ऎउस्' खाली शोधा. त्याच्या आधीच्या अक्षरावर असेल तर '-इस्' खाली, आणि तिथे सापडले नाही तर '-उस्' आणि '-उ' खाली.

६. विभक्तीचे काम ठरवा: मराठीमुळे होणाऱ्या चार चुका

ग्रीकात विभक्ती पाचच. पंचमीचे काम षष्ठी करते, तृतीया आणि सप्तमीचे काम चतुर्थी करते. इथवर सगळ्यांना कळते. खरी अडचण आपल्या भाषेच्या सवयींची आहे.

*पहिली चूक: 'ला'.* मराठीत 'नगरीला वाचवले' आणि 'नगरीला पैसे दिले' या दोन्हींत 'ला'च असतो. ग्रीकात पहिल्या वाक्यात द्वितीया (तेन् पॊलिन्) लागते, दुसऱ्यात चतुर्थी (तेइ पॊलॆइ). मराठीत भाषांतर करून विभक्ती ठरवली की या दोन हमखास मिसळतात. 'ला' काढून टाका आणि विचारा: क्रिया थेट नगरीवर घडते, की नगरीला काही मिळते?

*दुसरी चूक: 'ने'.* 'राजाने नगरे घेतली' या वाक्यात मराठी कर्त्याला 'ने' लागतो आणि क्रियापद कर्माप्रमाणे चालते. ग्रीकात भूतकाळातही कर्ता प्रथमेतच राहतो आणि क्रियापद कर्त्याप्रमाणेच चालते: *हॊ बसिलॆउस् तास् पॊलॆइस् हॆइलॆन्.* क्रियापद एकवचनी आहे, कारण राजा एक आहे, नगरे कितीही असोत.

*तिसरी चूक: 'त'.* 'नगरात राहतो' आणि 'नगरात गेला'. मराठीत प्रत्यय एकच, ग्रीकात वेगळी शब्दयोगी अव्यये आणि वेगळ्या विभक्ती. राहण्यासाठी 'ऎन् तेइ पॊलॆइ' (चतुर्थी), आत जाण्यासाठी 'ऎइस् तेन् पॊलिन्' (द्वितीया), बाहेर पडण्यासाठी 'ऎक् तेस् पॊलॆओस्' (षष्ठी). हे तीन तुकडे सुटे नव्हे, असे जोडीनेच पाठ करा. उपपद नसलेले तुकडेही येतात. 'कत पॊलॆइस्' म्हणजे 'नगरागणिक'. इथे विभक्ती 'कत' या अव्ययावरून ठरते आणि ती द्वितीया आहे.

*चौथी चूक: शेजारचे उपपद.* 'हे तेस् पॊलॆओस् अर्खे' या तुकड्यात सुरुवातीलाच दोन उपपदे लागोपाठ येतात. पहिले 'हे' शेवटच्या 'अर्खे'चे (सत्ता), मधले 'तेस्' पॊलॆओस् चे. अर्थ: नगरीची सत्ता. आपले षष्ठीचे नाम जसे दुसऱ्या नामाच्या आधी येते, तसेच ते इथे उपपद आणि नाम यांच्यामध्ये बसवले आहे. जवळचे उपपद धरू नका, जुळणारे धरा.

आता पॊलॆइस् या दुहेरी रूपाकडे. *हइ पॊलॆइस् तॊन् बसिलॆआ फॊबून्तइ*: 'हइ' आहे, म्हणून प्रथमा. नगरे राजाला भितात. वरच्या वाक्यात 'तास्' होते, म्हणून द्वितीया. शब्दक्रम बघून कर्ता ठरवू नका. ग्रीक लेखक हवे ते पद पुढे आणतो.

७. अर्थ आता ठरवा, आणि क्रियापद बघून ठरवा

'नगरराज्य' हा मराठी पाठ्यपुस्तकांतला प्रतिशब्द चांगला आहे, पण तो सगळीकडे चिकटवू नये. या नामाचे किमान तीन अर्थ वेगळे ओळखता आले पाहिजेत.

सर्वांत जुन्या थरातला अर्थ बालेकिल्ला. अथेन्सचे लोक अक्रोपोलिसला नुसते 'पॊलिस्' म्हणत. इतिहासकार थ्युसिडिडीसने इ. स. पू. पाचव्या शतकात हे नोंदवले आहे, आणि त्याच शतकातल्या अथेन्सच्या शिलालेखांत ठरावाचा दगड 'पॊलॆइ'मध्ये उभा करावा अशी आज्ञा येते. तिथे 'शहरात कुठेतरी' असे भाषांतर केले तर ते चुकते. दगड अक्रोपोलिसवर लावायचा होता.

दुसरा अर्थ वस्तीचे ठिकाण: वेढा पडतो, तटबंदी होते, आग लागते ते. इथे 'नगर' किंवा 'शहर' पुरते. नुसत्या घरा-रस्त्यांच्या शहरासाठी ग्रीकात 'अस्तु' हा शब्दही आहे. लेखक एकाच उताऱ्यात दोन्ही वापरत असेल तर भाषांतरातही दोन वेगळे शब्द ठेवा.

तिसरा अर्थ नागरिकांचा समुदाय, म्हणजे राज्य म्हणून वागणारी माणसे. पॊलिस् ठराव करते, युद्ध पुकारते, कुणाचा सन्मान करते. क्रियापद निर्णयाचे असेल तर हाच अर्थ घ्या. करार करणारे राज्य ग्रीकांच्या लेखी 'अथेन्स' नसून 'हॊइ अथेनइऒइ', म्हणजे अथेन्सचे नागरिक. इ. स. पू. 413 मध्ये सिसिलीत हरलेल्या सैन्यापुढे अथेन्सचा सेनापती निकियास बोलतो ते थ्युसिडिडीसने तीन शब्दांत दिले आहे: *अन्द्रॆस् गर् पॊलिस्*, कारण पुरुष म्हणजेच पॊलिस्, माणसांविना उभ्या भिंती आणि जहाजे नव्हेत. इथे 'शहर' लिहिले तर वाक्याचा जीवच जातो.

अ‍ॅरिस्टॉटलचे 'पॊलीतिकॊन् ज़ोइऒन्' मराठीत सर्रास 'राजकीय प्राणी' होते आणि वाचकाच्या डोळ्यांसमोर निवडणूक उभी राहते. त्याला म्हणायचे आहे ते असे की माणूस स्वभावतःच पॊलिस् करून राहणारा प्राणी आहे. भाषांतर करताना ही फोड निदान एकदा वाचकाला द्यावी, असे मला वाटते.

*तपासणी:* सारखे दिसणारे शब्द वेगळे काढा. पॊलुस् (पुष्कळ), पॊलॆमॊस् (युद्ध), दीर्घ ओ असलेले पोलॆओ (मी विकतो). 'पॊल्लइ पॊलॆइस्' म्हणजे 'पुष्कळ नगरे', एकाच शब्दाची दोन रूपे नव्हेत.

८. लेखक कोणता, ते बघा

वरची रूपे अथेन्सच्या बोलीची. नव्या कराराच्या ग्रीकातही तीच चालतात. इतिहासकार हिरोडोटसकडे आलात की, त्याची बोली वेगळी असल्याने, बदल होतो: षष्ठी पॊलिऒस्, अनेकवचनाची प्रथमा पॊलिऎस्, षष्ठी पॊलिओन्. सगळीकडे इ टिकून आहे. अनेकवचनाची द्वितीया 'पॊलीस्' असते, आणि ग्रीक लिपीत ऱ्हस्व-दीर्घ इ साठी अक्षर एकच असल्याने ती एकवचनाच्या प्रथमेसारखीच छापली जाते. 'तास्' बघितल्याशिवाय तिथे पुढे जाऊ नका. होमरमध्ये 'प्तॊलिस्' असेही रूप भेटते. शब्दकोशात ते पॊलिस् खाली जोडलेले असते.

९. एक वाक्य सगळ्या टप्प्यांतून

मत्तयच्या शुभवर्तमानातले डोंगरावरच्या प्रवचनातले वाक्य घ्या: *ऊ दुनतइ पॊलिस् क्रुबेनइ ऎपनो ऒरूस् कॆइमॆने.*

उपपद नाही, म्हणून रूपाकडे वळू. '-इस्', अंग 'पॊलि-'. हिरोडोटसची बोली नाही, त्यामुळे अनेकवचनी द्वितीयेचा संशय नको. एकवचनी प्रथमा. क्रियापद 'दुनतइ' (शकते) एकवचनी, ते जुळते. 'ऊ' म्हणजे नाही, 'क्रुबेनइ' म्हणजे लपवले जाणे. वाक्याच्या शेवटी दूर गेलेले 'कॆइमॆने' स्त्रीलिंगी, एकवचनी, प्रथमेत आहे, म्हणजे ते पॊलिस्चेच विशेषण. 'ऒरूस्' डोंगर, 'ऎपनो'मुळे षष्ठीत. लपणे आणि डोंगरावर असणे या गोष्टी ठिकाणाच्या, म्हणून दुसरा अर्थ: डोंगरावर वसलेले नगर लपू शकत नाही. मराठीत 'वसलेले' नपुंसकलिंगी झाले, ते बरोबर आहे. ग्रीक वाक्य पुन्हा लिहिताना मात्र स्त्रीलिंगच ठेवा.

सरावासाठी फुसिस् आणि दुनमिस् स्वतः चालवून बघा आणि शेवटी 'ऒफिस्' (साप) घ्या. तो पुल्लिंगी आहे, म्हणून उपपदे बदलतील, शेवट तेच राहतील. तुमच्या वहीत हे आले पाहिजे: हॊ ऒफिस्, तू ऒफॆओस्, तोइ ऒफॆइ, तॊन् ऒफिन्, हॊइ ऒफॆइस्, तोन् ऒफॆओन्, तॊइस् ऒफॆसि, तूस् ऒफॆइस्.